काच काढली म्हणून कॅमेरा खोटा होत नाही

जुना डिजिटल कॅमेरा उघडायचा, सेन्सरपुढची काच काढून टाकायची आणि मग पांढऱ्या झाडांचे, काळ्या आभाळाचे फोटो काढत बसायचं. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळ एखाद्या स्टुडिओवाल्यापुढे ही कल्पना मांडली, तर उत्तरं बहुधा ठरलेली असतात. चालू कॅमेऱ्याची वाट कशाला लावायची? ते रंग खोटेच असतात. तसला परिणाम आता मोबाइलच्या अ‍ॅपमध्येही मिळतो. आणि हे सगळं केलं तरी आपल्याकडे त्याचा उपयोग काय?

यातलं एखादं म्हणणं अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणून ते नीट तपासायला हवं. शेवटचं मात्र साफ चुकीचं आहे. मराठवाड्याला अवरक्त प्रकाशाशी काही देणंघेणं नाही, हे म्हणणं टिकतच नाही. इथलं पीक हिरवं आहे की करपलंय, हे वरून ठरवताना गेली कित्येक वर्षं हाच प्रकाश मोजला जातो. इथल्या दप्तरांत डाग पडून वाचता न येणारी मोडीची पानं याच प्रकाशात पुन्हा बोलकी होऊ शकतात. आणि त्यासाठी लागणारे कॅमेरे लग्नाच्या कामातून बाद होऊन इथल्याच कपाटांत बुरशी धरत पडले आहेत. निकॉनचा डी-७०, डी-९०, कॅननचा ३५०डी, ४५०डी, ११००डी. नवे मिररलेस आले तसे हे मागे सरले. त्यांना भंगाराचा भाव येतो, कारण त्यांच्याकडून अजून काय काम घेता येईल याचा विचार कोणी केलेला नाही.

आधी रंगांचा आक्षेप. तो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कच्चा आहे. कॅमेऱ्याने डोळ्याला दिसतं तेच दाखवावं, दुसरं दाखवलं तर ते खोटं, असा त्यामागचा समज. हा समज खरा मानला तर आपल्या घरांतल्या भिंतींवरचे पणजोबांचे फोटोही उतरवून ठेवावे लागतील. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचे नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) सहाव्या निजामासाठी काम करत. त्यांच्या हयातीत बाजारात मिळणाऱ्या प्लेटांना तांबडा रंग जवळपास दिसतच नसे. तांबड्यासकट सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा विकायला आल्या त्या १९०६ मध्ये. त्याआधीच्या फोटोंत कपाळावरचं कुंकू काळं उतरे आणि निळंभोर आभाळ पांढरंफटक. तरी ते फोटो कोणी खोटे म्हणत नाही. संग्रहालयं ते जपून ठेवतात, इतिहासकार पुरावा म्हणून वापरतात. प्लेट जो प्रकाश टिपत होती तो तिने प्रामाणिकपणे टिपला, एवढं आपण मान्य करतो. मग तोच न्याय अवरक्त फोटोला का नको?

डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला जवळजवळ ११०० नॅनोमीटरपर्यंत जाणवतं. म्हणजे सेन्सरला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. ते जास्तीचं दिसणं फोटोंचे रंग बिघडवतं, म्हणून कंपनी सेन्सरपुढे एक निळसर काच बसवते आणि अवरक्त प्रकाश अडवते. ज्याला हे पटत नसेल त्याने टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबावं. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलांच्या पडद्यावर, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, रिमोटचं टोक जांभळट पांढरं लुकलुकताना दिसतं. तो ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आहे. काच असूनही त्यातला थोडा आत झिरपतोच. कॅमेरा रूपांतरित करणं म्हणजे ही काच काढून तिच्या जागी दुसरी बसवणं. साधी पारदर्शक काच बसवली तर सगळा प्रकाश आत येतो. ७२० किंवा ८५० नॅनोमीटरची बसवली तर फक्त त्यापलीकडचा. सेन्सरला नवीन काही शिकवलं जात नाही, त्याच्यापुढचा पडदा तेवढा दूर होतो.

या फोटोत पानं पांढरी येतात ती कसल्या जादूने नव्हे. पानातलं हरितद्रव्य अन्न तयार करायला निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं. अवरक्त प्रकाश त्या कामाचा नसतो. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटून तो विखुरतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा परत बाहेर पडतो. पान सुकलं, पेशी आक्रसल्या की हे परतणं बदलतं. पाणी याच्या उलट वागतं, अवरक्त प्रकाश गिळून टाकतं. नांदेडला गोदावरीच्या पात्रावर जलपर्णी पसरते तेव्हा साध्या फोटोत हिरवट पाणी आणि हिरवी जलपर्णी एकमेकांत मिसळतात. अवरक्त फोटोत काळ्या पाण्यावर जलपर्णीची पांढरी चादर काठासकट वेगळी दिसते. पुराचं गढूळ पाणी असेल तर हा फरक कमी होतो, हेही सांगायला हवं. गावच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला मारुती या फोटोत पांढरा येतो, कारण शेंदूर अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतो. यातली एकही गोष्ट छायाचित्रकाराने रंगवलेली नसते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले तेव्हा संगणक तर सोडाच, रंगीत फिल्मसुद्धा घरोघरी नव्हती. पांढऱ्या पानांच्या त्या परिणामाला आजही वुड यांचंच नाव आहे.

गुलाबी झाडं आणि सोनेरी गवत मात्र संगणकावर रंगांची अदलाबदल करून आणलेली असतात, हे कबूल. ती ज्याला आवडत नाहीत त्याने फोटो कृष्णधवल ठेवावा. पण त्या आवडीनिवडीचा राग तंत्रावर काढण्यात अर्थ नाही.

आता उपयोगाचा प्रश्न. भारतात दूरसंवेदनाची सुरुवात कशाने झाली हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळातल्या नारळांच्या बागांवर हेलिकॉप्टर फिरलं. त्यातून अवरक्त रंगीत फिल्मवर फोटो घेतले गेले. नारळाच्या मुळांना लागणारा रोग कुठल्या झाडांना झालाय हे त्या फिल्मवर ओळखायचं, असा तो प्रयोग होता. हेच पिशारोटी त्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संस्थापक संचालक होते. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह सुटला. त्याच्या कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाशाचा एक स्वतंत्र पट्टा होता. म्हणजे ज्याला आपण हौशी लोकांचा खेळ म्हणतो, त्यावर या देशाचं शेतीकडे वरून बघण्याचं सगळं शास्त्र उभं आहे.

आणि ते शास्त्र थेट आपल्या शिवारापर्यंत येऊन पोहोचलंय. केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली. पाऊस किती पडला, पेरा किती झाला, जमिनीत ओल किती, याबरोबर उपग्रहावरून मोजलेली पिकांची हिरवाईही तिच्यात तपासली जाते. हे मोजमाप म्हणजे एनडीव्हीआय. अवरक्त प्रकाश किती परतला यातून तांबडा किती परतला ते वजा करायचं आणि त्या दोन्हींच्या बेरजेने भागायचं. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात लातूर जिल्ह्यातला रेणापूर होता. ज्या तालुक्यांची नावं यादीत नव्हती तिथल्या शेतकऱ्यांनी तेव्हा विचारलं, की आमचं रान हिरवं दिसलं ते कुणाला आणि कशात? प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर समजून घ्यायचं असेल तर अवरक्त प्रकाशात रान कसं दिसतं हे आधी डोळ्यांनी पाहिलेलं असायला हवं. तण माजलेलं शेत आणि सोयाबीन भरलेलं शेत, दोन्ही वरून हिरवीच मोजली जाऊ शकतात. हे एका फोटोत जितकं कळतं तितकं दहा भाषणांत कळत नाही.

उपग्रह आहेत, मग खाली कॅमेरा कशाला, असंही विचारलं जातं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि दर पाच दिवसांनी नवी येतात. त्यांचा सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जवळपास एक गुंठा. अर्ध्या एकराच्या तुकड्याला वीसेक ठिपके मिळतात, आणि बांधाकडच्या ठिपक्यांत शेजाऱ्याचं रानही मिसळतं. त्याहून मोठी अडचण ढगांची. सोयाबीनचं सारं आयुष्य जेमतेम शंभर दिवसांचं, जूनअखेर ते सप्टेंबरअखेर. नेमके हेच आभाळ भरून येण्याचे दिवस. ढगांच्या वर असलेल्या कॅमेऱ्याला ढगच दिसतात. बांधावर तिपाई लावून उभा केलेला जुना डी-९० मात्र ढगांच्या खाली असतो. अवरक्तासह अनेक पट्टे टिपणारे ड्रोन बाजारात आहेत, पण त्यांच्या किमती लाखांत जातात. तेवढे पैसे एखाद्या संस्थेकडे असतील, गावाकडे नसतात.

अशा कॅमेऱ्याच्या फोटोवर पीकविम्याचा दावा मंजूर होईल, असं कोणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे. रूपांतरित कॅमेरा हे प्रमाणित मोजयंत्र नाही. त्याच्या लाल, हिरव्या, निळ्या खान्यांत अवरक्त प्रकाश कमी-जास्त मिसळतो. जेपीईजी फोटोत उजेडाचे आकडे कॅमेऱ्याने आपल्या मनाने वाकवलेले असतात. म्हणून आकडे काढायचे असतील तर रॉ फाइलच हवी, आणि प्रत्येक फोटोत परतावा ठाऊक असलेली एक पांढरी खूण हवी. नळजोडणीला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप पुठ्ठ्यावर अनेक पदरांत घट्ट गुंडाळली की चांगली खूण होते, कारण टेफ्लॉन दिसणारा आणि अवरक्त प्रकाश जवळपास सारखाच परतवतं. रोग डोळ्याला दिसण्याआधी कॅमेऱ्याला दिसतो, हाही दावा सरसकट करू नये. पण एकाच प्लॉटचे, एकाच जागेवरून, दर आठवड्याला, त्या पांढऱ्या खुणेसह घेतलेले फोटो पीक कुठे मागे पडतंय ते दाखवू शकतात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये तेलगळती झाली तेव्हा सामान्य लोकांनी फुगे आणि पतंगांना साधे कॅमेरे बांधून किनाऱ्याचे नकाशे केले. त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या पब्लिक लॅबने पुढे स्वस्त अवरक्त कॅमेऱ्यांवर काम केलं. सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा परभणीच्या विद्यापीठाच्या लातूरच्या कृषी महाविद्यालयाला याहून वेगळं काही लागणार नाही.

अ‍ॅपचा आक्षेप वरवर सगळ्यांत मजबूत वाटतो. एका क्लिकवर झाडं पांढरी होत असतील तर पेचकस कशाला हातात घ्यायचा? कारण अ‍ॅपकडे तो प्रकाश नसतोच. त्याच्याजवळ प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा. हिरवं दिसलं की ते पांढरं करायचं, एवढाच त्याचा अंदाज. त्यापुढे दोन काळ्या शायांनी लिहिलेला एकच कागद ठेवून बघा. एक ओळ काजळाच्या शाईची, दुसरी साध्या काळ्या बॉलपेनची. डोळ्याला दोन्ही सारख्याच काळ्या. अवरक्त कॅमेऱ्यात काजळाची ओळ तशीच काळी राहते, कारण कार्बन तोही प्रकाश शोषतो. बॉलपेनची ओळ मात्र बहुतेक वेळा फिकट होत जाते किंवा पार नाहीशी होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा दस्तऐवजांतली खाडाखोड याच गुणावर पकडतात. ही माहिती मूळ रंगीत फोटोत कुठेच नसते, त्यामुळे कितीही हुशार संगणक ती तिथून काढू शकत नाही. तो फार तर बेमालूम थाप मारू शकतो.

इथेच मराठवाड्याचा खरा लाभ दडलेला आहे. निजामाच्या राजवटीतले आणि त्याआधीचे इथले कागद मोडी, फार्सी आणि उर्दूत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या शोधामागच्या राजकारणावर मतं वेगवेगळी असतील, पण त्याने एक गोष्ट उघड केली: आपल्या अभिलेखांची अवस्था काय आहे. पाणी झिरपून पसरलेले तपकिरी डाग, वाळवीने केलेली नक्षी, धुराने आणि हाताळण्याने काळवंडलेले कोपरे, एकमेकांना चिकटलेली पानं. यातल्या ज्या कागदावर बोरूने काजळाच्या शाईत लिहिलंय, त्याच्यासाठी अवरक्त फोटो म्हणजे मोठा आधार आहे. कागदाचा पिवळेपणा आणि पाण्याचे डाग अवरक्त प्रकाशात पुष्कळ फिके पडतात आणि कार्बनची अक्षरं काळीच राहतात. डागाखाली बुडालेला मजकूर वर येतो.

हे काही नवं नाही. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या जेरुसलेमच्या संग्रहालयात १९५० च्या दशकात तपासल्या गेल्या, तेव्हा नजीब अल्बिना या छायाचित्रकाराने त्यांचे फोटो अवरक्त फिल्मवरच घेतले होते. काळ्या पडलेल्या चामड्यावरची काळी अक्षरं साध्या फोटोत वाचता येत नव्हती, त्या फिल्मवर आली. जगातले विद्वान आजही ते फोटो वापरतात, कारण मधल्या काळात मूळ तुकडे आणखी झिजले. आपल्याकडचे कागदही दर पावसाळ्यात झिजतायत. माहूरला महानुभावांचं मोठं स्थान आहे. त्या पंथाने सातशे वर्षांहून जुनी ग्रंथपरंपरा हाती लिहून जपली. अशा पोथ्यांवर, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतल्या रुमालांवर, तहसिलांतल्या बस्त्यांवर हे काम करण्यासारखं आहे. निळ्या टाकाच्या शाईने किंवा लोहयुक्त शाईने लिहिलेल्या कागदांना मात्र याचा फायदा नाही, उलट तिथलं अक्षर पुसट होईल. म्हणून कुठला कागद कसल्या शाईचा हे आधी एका पानावर बघून घ्यावं.

अवरक्त म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा, असाही एक गोंधळ आहे. ‘लातूरच्या ४२ अंशांच्या उन्हात सगळंच तापलेलं, मग काय वेगळं दिसणार?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता ९-१० हजार नॅनोमीटरच्या आसपासची असते. या कॅमेऱ्याचा सेन्सर अकराशेलाच थांबतो. त्याला परत आलेला सूर्यप्रकाश दिसतो, ताप दिसत नाही. उलट आपलं कडक दुपारचं ऊन, ज्याला लग्नाचे फोटोग्राफर शिव्या घालतात, ते या कामाला सगळ्यांत चांगलं.

कपड्यांचा प्रश्न मात्र असा झटकून टाकता येणार नाही. काही पातळ कृत्रिम कापडं अवरक्त प्रकाशात जास्त पारदर्शक होतात, हे खरं आहे. सोनीच्या नाइटशॉट कॅमकॉर्डरवरून १९९८ मध्ये यावरूनच गदारोळ उठला होता आणि कंपनीला पुढच्या मॉडेलांत दिवसाउजेडी तो मोड आवळावा लागला. तेव्हा असा कॅमेरा लग्नात, घाटावर, शाळेच्या कार्यक्रमात नेऊ नये. तो रानात, कागदांवर, नदीवर आणि दगडावर चालवावा. ज्या स्टुडिओला हा नियम पाळायचा नसेल त्याने रूपांतर करूच नये, इतकी ही गोष्ट गंभीर आहे.

राहिला ‘चालू कॅमेऱ्याची वाट’ हा मुद्दा. कंपनीने बसवलेली काच म्हणजे काही देवाने घातलेलं बंधन नाही. कंपन्यांनी ती स्वतःच बदललेली आहे. तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश साध्या कॅमेऱ्यात अडतो म्हणून कॅननने २००५ मध्ये २०डीए आणि २०१२ मध्ये ६०डीए काढला, निकॉनने २०१५ मध्ये डी-८१०ए. फुजीफिल्मने २००६ मध्ये पोलीस आणि शास्त्रज्ञांसाठी अतिनील आणि अवरक्त दोन्ही टिपणारा एस-३ प्रो आणला. म्हणजे काच कुठली हवी ते कामावर ठरतं.

काम जोखमीचं आहे, यात वाद नाही. सगळ्यांत मोठा धोका फ्लॅशच्या कपॅसिटरचा. बॅटरी काढल्यावरही त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो. तो रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये. मग तळाचे आणि बाजूचे स्क्रू, जे वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून काढतील तसे कागदावर आकृती काढून त्या-त्या जागी चिकटवायचे. मागचा पडदा उचलताना रिबन ओढायची नाही, तिच्या कनेक्टरची बारीक झडप नखाने वर करायची. सेन्सरची पाटी तीन स्क्रूंवर बसलेली असते आणि बऱ्याच मॉडेलांत खाली स्प्रिंग किंवा पातळ चकत्या असतात. इथेच घाई नडते. प्रत्येक स्क्रू किती फेरे फिरला हे मोजून लिहून ठेवलं नाही, तर सेन्सर तिरका बसतो आणि फोटोची एक बाजू कायमची पुसट येते. शेवटी ती निळसर काच सुटते. हातात घेऊन उजेडाकडे धरली की फिक्या आकाशी रंगाची दिसते. तिच्या जागी नुसती पोकळी ठेवून चालत नाही. प्रकाश काचेतून जाताना जेवढा वळतो तेवढाच वळावा म्हणून योग्य जाडीची नवी काच बसवावी लागते, नाहीतर लांबचं कधीच स्पष्ट येत नाही. आत एक कण धूळ राहिली तर प्रत्येक फोटोत डाग, म्हणून सगळं पुन्हा उघडायचं.

हे नांदेड-लातूरमध्ये कोण करणार, असं विचारणाऱ्याने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अर्धा तास उभं राहावं. तिथली पोरं भिंगाखाली याहून बारीक रिबन आणि याहून छोटे स्क्रू दिवसभर हाताळतात. त्यांना कॅमेऱ्याचा सर्व्हिस मॅन्युअल आणि एक निकामी बॉडी सरावाला मिळाली की पुरे.

न उघडता, लेन्सवरच अवरक्त फिल्टर लावून भागत नाही का? भागतं, पण कसं ते बघा. आतली काच अवरक्त प्रकाश अडवत असतेच, त्यामुळे भर दुपारीही शटर कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात वाऱ्याने सोयाबीनची पानं हलतात आणि सगळं धुकट होतं. रूपांतरानंतर तोच फोटो सेकंदाच्या शंभराव्या भागात, हातात धरून निघतो. ज्यांना आधी पैसे न घालता पाहायचंय त्यांच्यासाठी स्टुडिओतच एक फिल्टर पडलेला आहे. जुन्या रंगीत निगेटिव्हच्या रोलचं उजेड लागून पूर्ण काळं झालेलं, धुतलेलं टोक. त्यातली रंगद्रव्यं दिसणारा प्रकाश अडवतात आणि अवरक्त जाऊ देतात. कृष्णधवल फिल्मचं टोक चालत नाही, कारण त्यातली चांदी दोन्ही अडवते. असा तुकडा लेन्सपुढे लावून काढलेला फोटो थोडा मऊ येतो, पण शंका फेडायला पुरतो.

पुढची किरकोळ कुरबूर फोकसची. अवरक्त प्रकाश लेन्सच्या मागे थोड्या वेगळ्या जागी एकत्र येतो. जुन्या लेन्सवर यासाठीच तांबडा ठिपका किंवा रेघ कोरलेली असे. डी-९० सारख्या लाइव्ह व्ह्यू असलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरवरच फोकस पाहता येतो, त्यामुळे अडचण उरत नाही. डी-७० मध्ये ती सोय नाही, तिथे एफ-८ वर काम करावं.

लातूर पॅटर्नमध्ये दरवर्षी हजारो मुलं नीटसाठी विद्युतचुंबकीय लहरींचं प्रकरण तोंडपाठ करतात. विल्यम हर्शेलने १८०० साली तांबड्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून या किरणांचा शोध लावला, हेही त्यांना येतं. त्यांच्यापैकी किती जणांनी तो प्रकाश कधी पाहिलाय? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक रूपांतरित कॅमेरा असावा, ही मागणी अवास्तव नाही. त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागणार नाही, गावातल्या स्टुडिओकडे विचारावं लागेल.

सुरुवात कागदांपासून करावी, असं सुचवावंसं वाटतं. तिथे वारा नाही, ढग नाहीत आणि निकाल त्याच दिवशी हाती येतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाने, एखाद्या मोडी वर्गाने आणि दोन स्टुडिओंनी मिळून हे सहज करता येईल. कॅमेरा कॉपी स्टँडवर उभा बांधावा. उजेडासाठी एलईडी दिवे उपयोगाचे नाहीत, त्यांच्यात अवरक्त प्रकाश जवळपास नसतो. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचे जुने हॅलोजन काढावेत, तेही कपाटातच आहेत. पण ते तापतात, म्हणून कागदापासून लांब, दोन्ही बाजूंनी तिरपे लावावेत, आणि फोटो घेण्यापुरतेच पेटवावेत. प्रत्येक पानाचे दोन फोटो काढावेत, एक साध्या कॅमेऱ्याने आणि एक रूपांतरित कॅमेऱ्याने, पान न हलवता. फाइलच्या नावात दप्तराचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि फिल्टरचा आकडा लिहावा. दोन्ही फोटो मोडी वाचणाऱ्यासमोर शेजारी शेजारी उघडावेत, आणि कुठली ओळ कुठल्या फोटोवरून वाचली ते लिप्यंतराच्या समासात नोंदवावं.